कोंडाबाईची गाडी आणि घाईची ठिणगी

एका जंगलात घाट होता आणि घाटाच्या पायथ्याला कोंडाबाई नावाची अस्वलीण राहायची. पोरांनो, ही गोष्ट तिची आहे, माझी नाही. आत्ताच जे हसले त्यांनी भिंतीकडे तोंड करा.

कोंडाबाईकडे एक जुनी गाडी होती. म्हातारी, पण चालती. आणि घाटापलीकडे लेक होती, येसू. तिचे दिवस भरले होते. बाळंतपणाला आईने पोचायलाच हवं होतं.

पण गाडी सपाटीला गुपचूप धावायची आणि चढ लागला की इंजिनात टक टक टक. डब्यात खडे घालून हलवावेत तसं. कोंडाबाई निम्म्या घाटातून परत आली.

भिवा कासव जंगलाचा मिस्त्री. हात तयार, जीभ सावकाश.

"कोंडाक्का," तो म्हणाला, "चढावर वाजते म्हणजे... एक तर पेट्रोल... नाहीतर..."

"पेट्रोलच! मला वाटलंच होतं!"

ती तडक कोल्ह्याच्या पंपावर गेली. त्याच्या सात पिढ्या काढल्या. बिचाऱ्या कोल्ह्याने कधी नव्हे ते चांगलं पेट्रोल भरलं होतं. तरी घाबरून त्याने टाकी रिकामी करून पुन्हा भरून दिली.

घाट लागला. टक टक टक.

दुसऱ्या दिवशी ती परत भिवाकडे.

"अक्का, तुमच्या गाडीत ठिणगी पडते ती..."

"पडतच नाही ना? मग कालच सांगायला काय झालं होतं? चारही प्लग बदल!"

"अहो, पण..."

"बदल म्हणते ना!"

भिवाने बदलले. काय करतो? घाट लागला. टक टक टक.

तिसऱ्या दिवशी कोंडाबाईने ठरवलं, लेकीसाठी निदान मध तरी काढून ठेवावा. पोळ्याखाली धूर करतात, माशा उठेपर्यंत थांबतात. कोंडाबाईने धूर केला आणि लगेच तोंड घातलं. एक माशी थेट जिभेला चावली. जीभ सुजून वांग्याएवढी झाली.

तशीच ती भिवासमोर येऊन बसली. भिवाने वाट पाहिली. आवाज नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यासमोर वाक्य पुरं केलं.

"ठिणगी पडते, पण वेळेआधी. थोडी आधी पडली तर चालतं, अक्का. तुमची फारच आधी. पिस्टन अजून वर चढतोय, तोवर भडका उडतो. वर येणाऱ्याच्या टाळक्यात दणका. म्हणून टकटक. ठिणगीची वेळ हा डिस्ट्रिब्यूटर ठरवतो. त्याच्यावरची माझी खडूची खूण बघा, सरकलीय. कोणी फिरवला?"

कोंडाबाईने जमिनीकडे पाहिलं.

"गाडी जोरात पळावी म्हणून?"

कोंडाबाईने मान डोलावली. मीच फिरवला होता. म्हणजे तिनेच.

भिवाने बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्यूटर बोटभरसुद्धा नाही, किंचित मागे फिरवला, बोल्ट आवळला. म्हणाला, "पहिल्या दिवसापासून एवढंच सांगत होतो."

गाडी घाट चढली. हूं नाही की चूं नाही. कोंडाबाईला भरून आलं. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून वाटेत विचारसुद्धा केला: माझ्या बोलण्यापायी किती जणांची वाक्यं अर्धी राहिली असतील! आता सुधारायचं.

घाट उतरेपर्यंत सूजही उतरली.

येसू दारातच उभी होती. ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "आई, बाळ आत्ताच..."

"झालं? अगं, मग निरोप धाडायला काय झालं होतं!"

सगळं रान हादरलं. आतून बाळाने टाहो फोडला.

"...झोपलं होतं," येसू म्हणाली.

तात्पर्य: समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय लागायला जन्म जातो. त्यापेक्षा घरात एक मधमाशी पाळावी. मी अख्खं पोळं आणलंय. अजून फरक नाही.