मुळं फुटली की रोप

आर्वो निएमीने त्या दिवशी छाटलेल्या फांद्या खताच्या खड्ड्यात न टाकता स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या, आणि तिथेच सगळं बिघडलं. खड्ड्यापर्यंत जायचं तर बर्फात उतरावं लागलं असतं, त्यासाठी बूट घालावे लागले असते आणि बुटांसाठी वाकावं लागलं असतं. (वाकता आलं असतं तर गांजा लावायची वेळच कशाला आली असती?)

जंगलात लाकडं तोडण्यात पाठ गमावलेल्या आर्वोला मिशिगन राज्याने औषधी गांजाचं रीतसर कार्ड दिलं होतं. स्वतःच्या औषधापुरती बारा रोपं लावा, पण कुलपात. परसातल्या जुन्या सॉनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराला, तेवढं कुलूप होतं, म्हणून आर्वोने रोपं तिथे हलवली आणि घरातल्यांनी शनिवारी शेजाऱ्यांच्या सॉनात घाम गाळायला सुरुवात केली. पण आर्वो रात्री झोपू लागला. कार्ड गेलं तर पुन्हा रात्रभर खुर्चीत बसून उजाडायची वाट बघावी लागली असती. म्हणून त्याने कायदा असा घोकला होता की कॉफीच्या अड्ड्यावरचे लोक त्याला लांबून पाहूनच रस्ता बदलत.

"रोप म्हणजे काय?" तो सापडेल त्याला धरून विचारायचा. "ज्याला मुळं दिसतात ते. बोटभर असलं तरी एक धरायचं. बारा म्हणजे बारा. तेरावं निघालं की मी गुन्हेगार."

बारांतलं कोपऱ्यातलं रोप त्याचं विशेष लाडकं. हिवाळ्यापासून तो त्याच्याच पानांचा चहा घेत होता. "बाकीची सगळी एका पारड्यात आणि हे एका," असं तो लेम्पीला सांगायचा. लेम्पी, म्हणजे त्याची बायको, मान डोलवायची आणि विषय बदलायची.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी डेप्युटी वेन कांगस गणवेशात दारात उभा राहिला. गावातला कायदा म्हणजे वेनच. त्याच्या हातात एक कुंडी होती. कोण का आलं हे विचारण्याआधी कॉफी ओतायची, ही निएमींच्या घरची रीत, त्यामुळे लेम्पीने आधी कॉफी ओतली आणि वेलदोड्याचा गोड पाव कापला.

"आर्वोकाका, तुम्हाला झाडांतलं कळतं," वेन म्हणाला. "आईने चर्चच्या रोपविक्रीत हा जपानी मेपल घेतला. तिच्या मते मेपल आहे. माझ्या मते नाही."

आर्वोने कुंडीकडे पाहिलं. कुंडीत गांजा होता.

"लेम्पी, चर्चमध्ये तू काय विकलंस?"

"दर वर्षी विकते तेच. मेपल. तू टेबलावर टाकलेल्या त्या काड्या पाण्यात ठेवल्या होत्या, त्याही विकल्या. पानं सारखीच तर आहेत." (लेम्पीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि फांदी फेकणं तिच्या माहेरी पाप समजत.)

"किती?"

"ते कोण मोजतंय? पण एकही मेली नाही हो. सगळ्यांना मुळं फुटली. पाद्रीबाईंनी दोन नेल्या."

पाद्रीबाईंचं नाव ऐकून आर्वो मटकन खुर्चीत बसला. तेव्हाच त्याची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती खिडकी त्याने आजच पाहिली.) जॅमच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीत एक हिरवी काडी होती. वेनही कॉफी पीत पीत तिकडेच बघत होता.

"मुळं फुटलीत," वेन म्हणाला.

"ती पाण्यातली मुळं," आर्वो क्षीण आवाजात म्हणाला. "कायद्याने पाहिलं तर..."

"काका, कायद्याने काय ते तुम्हीच मला समजावलंय. ऐकता ऐकता माझी कॉफी गार झाली होती."

आर्वोला पुढच्या सगळ्या रात्री खुर्चीत दिसू लागल्या. त्याला खरंच रडू येत होतं.

वेनने कप खाली ठेवला. "मी हे कागदावर घेतलं तर पहिली आरोपी माझी आई आणि दुसऱ्या पाद्रीबाई. तेव्हा बरण्या आजच माझ्यासमोर रिकाम्या करा. चर्चमधली रोपं मी गोळा करतो, कीड लागलीय म्हणून सांगतो. पण आधी सॉनातली मोजणार. बारांपुढे एक जरी निघालं तरी माझा इलाज नाही."

आर्वोच्या जिवात जीव आला. त्याने परसात जाऊन ताठ मानेने सॉनाचं कुलूप उघडलं. वेन आईची कुंडी काखेत धरून मोजत मोजत कोपऱ्यात आला आणि थबकला.

"अकरा. आणि हे?"

"ते माझं हुकमी झाड. बाकीच्यांचा बाप."

वेनने एक पान चुरगळून हुंगलं. "काका, हा मेपल आहे."

आर्वोने मागोमाग आलेल्या लेम्पीकडे पाहिलं.

"तुझं ते हिवाळ्यातच वाळलं," लेम्पी म्हणाली. "तू हाय खाल्ली असतीस, म्हणून माझ्यातलं एक ठेवलं. पानं सारखीच तर आहेत."

"म्हणजे कायद्याने अजून एक बसतं," असं म्हणत वेनने ती कुंडी आर्वोच्या हातात दिली आणि तो बरण्या बघायला घरात गेला.

आणि अख्खा हिवाळा रात्रभर गप्प राहिलेली आर्वोची पाठ त्याच क्षणी कळवळून दुखायला लागली.

"बस तिथेच," लेम्पी मेपलची चार पानं तोडत म्हणाली, "तुझा चहा टाकते."