नरसक्काच्या भिंतीची ओल

शरणप्पाकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी टकटक करतात. दारावर नव्हे, भिंतीवर. दार उघडंच असतं, कारण आपणच त्यांना सत्यनारायणाला नाहीतर वाढदिवसाला बोलावलेलं असतं. काका चपला काढतात, बोटाच्या पेराने भिंत वाजवतात, कान लावून ऐकतात आणि मगच विचारतात, "बरं हाय का सगळं?" हा प्रश्न भिंतीला असतो की आपल्याला, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

काका मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि काका सोलापुरातल्या नवी पेठेमागच्या आमच्या तीन मजली अपार्टमेंटचे सेक्रेटरी झाले. निवडणूक वगैरे झाली नाही. दुसऱ्या कुणी हात वर केला नाही, एवढंच.

त्यांचं लाडकं वाक्य म्हणजे "बघायला लागतंय." टाकी वाहिली तरी बघायला लागतंय आणि माझ्या नवऱ्याला शिंका आल्या तरी बघायला लागतंय. शिंकांच्या वेळी त्यांनी नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पलंग ओढून मागची भिंत पाहिली. तिथे बुरशी निघाली, ही गोष्ट वेगळी.

भेग दिसली की लगेच पुट्टी भरायची नाही, हा त्यांचा दंडक. भेगेच्या टोकाला ते पेन्सिलीने आडवी रेघ मारतात. "भेग रेघंच्या पुढं गेली तर ती चालती हाय. चालती भेग बुजवायची न्हाय, का चाललीय ते बघायचं." आमच्या जिन्यात इतक्या रेघा झाल्यात की नव्या भाडेकरूंना वाटतं, इथे पोरांची उंची मोजतात.

तसंच व्हॉल्व्हचं. पडून राहिलेला व्हॉल्व्ह गंजून जाम होतो, म्हणून काका महिन्यातून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह बंद-चालू करतात. विसरायला नको म्हणून दिवस ठरवलाय अमावास्येचा. हातात पाना, तोंडाने कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटणं, आणि जिन्याखालच्या अंधारात वाकलेले काका. समोरच्या इमारतीतल्या बायका त्या दिवशी पोरांना खिडकीत उभं राहू देत नाहीत.

माझ्या नणंदेसाठी अक्कलकोटला स्थळ बघायला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून काकांना नेलं. पोहे येईपर्यंत काका गायब. शोधलं तर गच्चीवर! परतताना गाडीत म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण गच्चीचा उतार उलटा हाय, पाणी घरात यायलंय. आदी ते नीट करा म्हणावं, मग अक्षता." आणि खरंच, पोराच्या वडिलांनी आधी गच्ची करून घेतली. लग्नात काकांनी आहेर दिला तो गच्चीच्या पाइपाच्या तोंडाला बसवायच्या जाळीचा. रंगीत कागदात गुंडाळून.

तर असे हे काका, आणि आमच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या नरसक्का. अक्कांच्या यजमानांचे चादरीचे माग होते. ते गेले, माग विकले, मुलं हैदराबादला स्थायिक झाली. यंदा उन्हाळ्यात अक्कांच्या हॉलच्या भिंतीवर ओल आली. वर आमचं बाथरूम. झालं, संशय आमच्यावर.

काकांनी फर्मान काढलं, "अंगुळी बंद. भिंत वाळती का बघू." सोलापूरचा उन्हाळा, आणि आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे अंघोळीला! भिंत वाळली नाही. मग काकांनी आमच्या बाथरूमच्या जाळीत लाल रंग कालवून ओतला. खाली भिंत लाल झाली तर चोर सापडला. रंग खाली उतरलाच नाही. माझ्या नवऱ्याचे तळपाय मात्र कित्येक दिवस नव्या नवरीसारखे दिसत होते.

काका रोज सकाळी ओल तपासायला अक्कांकडे जायचे, चहा घेऊन निघायचे. निदान काही होईना. शेवटी आमचे अध्यक्ष, कापड दुकानदार, सभेत कडाडले, "बाथरूम फोडा. रविवारी माणूस आणतो."

"फोडायचं न्हाय," काका म्हणाले. "अजून बघायला लागतंय."

"किती दिवस बघणार?"

एरवी टाकीच्या झाकणावरून तासभर भांडणारे काका खाली मान घालून बसले.

शनिवारी सकाळी मी कढीपत्ता मागायला खाली गेले. अक्कांचं दार लोटलेलं होतं. आत अक्का स्टुलावर चढून ओला पंचा भिंतीवर दाबून धरत होत्या.

"अक्का! हे काय?"

"अय्यो अम्मा! दार वाजवून यावं की!" अक्का दचकल्या. हळूच उतरून त्यांनी पंचा बादलीत टाकला. "काय करू? एकदा बादली हिंदकळून पाणी उडालं भिंतीवर. काका आले बघायला. बसले, बोलले. भिंत वाळली, तसं येणं बंद. मग मीच..." त्या हसल्या. "मुलं फोन करतात की रोज. पण फोनला चहा पाजता येत नाही, अम्मा."

मी तडक गच्चीवर गेले. पावसाळ्याआधी काका पाइपाच्या तोंडातला पालापाचोळा काढत होते. मी सगळं सांगून टाकलं. काकांनी हात झटकले.

"ठाव हाय, ताई."

"म्हणजे?"

"वरनं झिरपलेली ओल पसरती, भिंतीला खार सुटतो. ही टावेलाएवढी, चौकोनी. ओल परत आली त्याच दिवशी कळलं."

"मग आमच्या अंघोळी का बंद केल्या?"

काका ओशाळले. "कायतरी केल्यासारकं दिसायला पायजे की. ओल गेली म्हणलं असतं तर मी तितं कुटल्या तोंडानं गेलो असतो?" मग पाइपाकडे बघत म्हणाले, "घरात दिवसभर बोलायला कोन न्हाय ओ. संध्याकाळी तोंड उघडलं तर आवाज घोगरा निघतोय."

संध्याकाळी अध्यक्षांना जाऊन सांगितलं, आमचाच नळ गळत होता, दुरुस्त केलाय, फोडाफोडी नको. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की रात्री त्याला सगळं सांगावं लागलं. तो इतका हसला की पुन्हा शिंका सुरू झाल्या.

मग मी दोघांनाही एकेकटं गाठून सांगितलं, की चहाला यायला-बोलवायला ओल लागत नाही. काका "बघू" म्हणाले. अक्का "छे, लोक काय म्हणतील" म्हणाल्या.

परवा सकाळी खाली गेले. काका खुर्चीत बसून अक्कांना कन्नड शिकवत होते, अक्का त्यांच्या उच्चारांना तेलुगूत हसत होत्या. मी सहज भिंतीवर हात ठेवला. खडखडीत कोरडी. अक्का पंचा लावायला विसरल्या होत्या, आणि काकांनी ती तपासलीही नव्हती.