धुडकू आबांचा उंबरा

उघड्या माळावर, जिथं डोक्याला लागेल असं आभाळाखेरीज काही नव्हतं, तिथं धुडकू आबा कमरेत वाकून चालायचे. एका ठरावीक जागी खोकायचे, वाकायचे, दोन पावलं टाकून परत ताठ व्हायचे.

मी धानोऱ्याजवळच्या त्या खेड्यात नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा वेडा आहे. शहाणी फक्त मीच! माहेर खांडबाऱ्याचं, म्हणजे रेल्वे स्टेशनाचं. आगगाडी मी नुसती पाहिली होती, पण तोरा असा की जणू मीच ती चालवत होते.

तो माळ म्हणजे आमचं जुनं गाव. गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, माणसं मेली, उरलेली रानात झोपड्या घालून राहिली आणि पुढं नाल्याच्या अलीकडे नवं गाव वसलं. जुनी घरं पावसात विरघळली. उरली ती नुसती पांढरी माती. आबांना मात्र तिथली गल्लीन् गल्ली दिसायची.

शेतात भाकरी पोचवायला मी सरळ माळ तुडवत निघाले की दुरून आरोळी यायची, "ओ सूनबाय! कोठे घुसनी? हाई वाण्यानी भिंत शे! गल्लीवरतीन ये!"

"माले ते काहीच दिखत नही, आबा."

"डोळावर पदर शे तुन्हा. दिखी कशी?"

एकदा मी खोडी काढली. त्यांनी दाखवलेल्या गल्लीतून गेले, हवेतच कडी वाजवली आणि म्हटलं, "आबा, वाण्यानं दुकान बंद शे."

आबा गंभीरपणे म्हणाले, "आज धानोराना बाजार शे ना. तठे गया व्हई." मीच गोंधळून वाण्याच्या दुकानाकडे पाहत राहिले.

नव्या गावात आबांबद्दल एक तक्रार घरोघर होती. म्हातारी माणसं दारात खोकून आत येतात, म्हणजे सुना पदर सावरतात. आबा कधीच खोकायचे नाहीत. स्वतःच्या घरी तर नाहीच; तिथं ते एकटेच राहायचे. म्हणून मी एकदा विचारलं, "आबा, गावमा खोकतस नही, मंग आठे माळवर का खोकतस?"

"आठे मन्हा घरमा बाईमाणूस शे," ते म्हणाले. "तिले पदर सावराले येळ नको का?"

आबांची बायको त्या तापात त्याच ठेंगण्या दाराच्या घरात वारली होती. मी पदराआड हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

मग सासऱ्यांनी ठरवलं, जुन्या गावठाणाची माती कपाशीला चांगली, गाड्या भरून न्यायची. रोज एकेक गल्ली गाडीत बसून शेतात जाऊ लागली. आबा बांधावर बसून बघत. शेवटी म्हणाले, "समदी ले, भाऊ. मन्हा घरनी तेवढी ऱ्हाऊ दे."

"नुसती मातीच शे ना ती, धुडकू," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तर आबा खोकायचे नेमकं तिथंच गडी फावडं उगारून उभा. सासरे शेजारीच; त्यांच्यापुढं सुनेनं बोलायची रीत नव्हती. काय करावं सुचेना, तेव्हा मी खोकले. मोठ्यानं, म्हाताऱ्या माणसासारखी. फावडं वरच्या वर थांबलं. सासरे घाबरून म्हणाले, "सूनबायले पानी द्या रे!"

पदराआडून मी म्हटलं, "मामा, आठे घर शे. गाडी गल्लीवरतीन ल्या."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या आबांकडे. मग गड्याला म्हणाले, "गाडी वळाव."

आबा जाऊन खूप वर्षं झाली. कपाशीच्या मधोमध तेवढा उंचवटा अजून आहे. मी जाते अधूनमधून, गल्लीवरूनच. तिथं आता वाकावं लागत नाही, वयानं आधीच वाकवून ठेवलंय. खोकते मात्र. आणि जरा थांबते. आता आत दोघं आहेत.