कार्बन, अॅल्युमिनियम आणि खालचा

चष्मेवाला दोन्ही खांद्यांवर चाकं अडकवून घरात शिरला, तेव्हा त्याची बायको नुकतंच जेवणाचं टेबल आवरून मोकळी झाली होती. मोकळ्या टेबलावर त्याने चारही चाकं मांडली.

"एक जोडी ठेवायची, एक परत द्यायची," तो म्हणाला. "सायकलवाल्याने विश्वासाने दिलीत. फिरवून बघा म्हणाला."

"टेबलावर?"

एक जोडी कार्बनची होती. काळीभोर, रुंद कडांची, आणि इतकी हलकी की उचलल्यावर हातात काही आहे की नाही अशी शंका यावी. दुसरी अॅल्युमिनियमची, चकचकीत आणि साधीसुधी.

"ऐक हं." त्याने अॅल्युमिनियमच्या रिमवर नख मारलं. टिण्ण झालं. मग कार्बनवर मारलं. ठक्क झालं. "काय फरक वाटला?"

"एक भांडं आणि एक दार," बायको म्हणाली आणि आत गेली.

गेले कित्येक दिवस त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच्या रेसच्या सायकलीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे होते. दोन्ही बाजूंची रबरं येऊन रिमलाच धरायची, म्हणजे रिम बदलली की ब्रेकचा स्वभावही बदलणार. त्याच्या चष्म्यांच्या दुकानात नंबर काढायला आलेल्या आजोबांनाही त्याने सोडलं नव्हतं.

"कार्बन पळतं झकास, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो. अॅल्युमिनियम जरा जड, पण म्हटलं तिथे थांबवतं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला शेवटची ओळ दिसत नाहीये," आजोबा म्हणाले होते.

सायकलवाल्याने चाकांबरोबर रबरांची दोन पाकिटं दिली होती आणि बजावलं होतं, "कार्बनला कार्बनचीच लावा. अदलाबदल केलीत तर ब्रेकही लागणार नाही आणि रिमही खरवडून निघेल. पाकिटावर लिहिलंय सगळं."

चष्मेवाल्याने गॅलरीत बसून पहिलं पाकीट डोळ्यांसमोर धरलं. मग लांब धरलं. मग उजेडात तिरकं धरून बघितलं. हल्ली छपाईच पुसट करतात, असं त्याचं मत झालं. आपली नजर उत्तम असल्याची त्याला खात्री होती, कारण ती आजवर कुणी तपासलीच नव्हती. शेवटी त्याने डोकं चालवलं. एका पाकिटात काळी रबरं होती, दुसऱ्यात पिवळी. काळ्या रिमला काळी, हे कुणीही सांगेल. काळी त्याने कार्बनच्या चाकांबरोबर सायकलीला बसवली, पिवळी पाकिटासकट सायकलवर घालायच्या जाकिटाच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कार्बनवर स्वार होऊन उतारावर निघाला. सायकल खरोखरच पळत होती. ती पळतेय की आपल्याला तसं वाटतंय, याचा विचार करायलाही तिने सवड दिली नाही. बघता बघता उताराच्या तळाचं वळण समोर आलं आणि वळणात आडवा उभा राहिलेला टेम्पोही आला. त्याने दोन्ही ब्रेक दाबले.

चाकांनी जी किंकाळी फोडली, तिने दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. रस्त्यावरची माणसं भिंतीला चिकटली. टेम्पोवाला टेम्पो सोडून पळाला. सगळे थांबले, थांबली नाही ती फक्त सायकल.

टेम्पोच्या अलीकडे एकच दार उघडं होतं, आणि ते खालच्याचं होतं. खालचा म्हणजे उताराखालचा दुसरा चष्मेवाला. दोघांची दुकानं एकाच रस्त्यावर, पण बोलणं असं कधी नाही. एकमेकांची खबर गिऱ्हाइकांच्या तोंडून मिळायची, तेवढीच. खालच्याने व्हीलचेअरसाठी पायऱ्यांच्या जागी गुळगुळीत चढ बांधला, तेव्हा "गिऱ्हाईक ओढायची नाटकं" असं चष्मेवाला चारचौघांत म्हणाला होता. त्या नाटकाने आता त्याला अलगद वर घेतलं, दारातून आत नेलं आणि तपासणीच्या गुबगुबीत खुर्चीवर नेऊन टेकवलं.

"या," खालचा म्हणाला. "नंबर काढायचाय?"

"ब्रेक लागला नाही."

खालचा गुडघ्यांवर बसला. त्याची नजर रिमवरून हळूहळू फिरली आणि चेहरा उजळला. "कार्बन! अहो, पण रबरं तर अॅल्युमिनियमची लावलीत. पाकिटावर लिहिलेलं असतं की."

चष्मेवाला छताकडे बघू लागला. अशी छताकडे बघणारी माणसं दोघांनीही धंद्यात भरपूर पाहिली होती. खालच्याने टेबलावरचं बारीक अक्षरांचं कार्ड उचलून त्याच्या हातात दिलं. चष्मेवाल्याचा हात आपोआप लांब गेला.

"केव्हापासून?" खालच्याने विचारलं.

"काय?"

"हात लांब जायला लागलाय."

तपासणी झाली. खालच्याने हलक्या हाताने जवळचा चष्मा त्याच्या नाकावर बसवला. खिशातून काढलेल्या पाकिटावरची अक्षरं चष्मेवाल्यासमोर अशी ठसठशीत उभी राहिली की त्याला त्यांचा रागच आला. मग त्याने रिमकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. काळ्या कडेवर गोल ओरखडे उठले होते.

"मेलो. दुसऱ्याची चाकं! आता सायकलवाल्याला काय तोंड दाखवू?"

खालच्याने ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "वरवरचे आहेत. रिमला काही झालेलं नाही." तो जरा घुटमळला. "एक विचारू? मी पण चालवतो, पण कायम अॅल्युमिनियमवर. कार्बन कसं पळतं, ते बघायचं राहूनच गेलंय. ही रबरं बदलून एक चक्कर मारू?"

पिवळी रबरं चष्मेवाल्याच्या खिशातच होती. दोघांनी मिळून रिम पुसली आणि रबरं बदलली. पाकीट चष्मेवाल्याने मोठ्याने वाचून दाखवलं, सूचनांसकट. "जरा दुकान बघा," असं म्हणून खालचा एखाद्या पोरासारखा सायकलवर बसून गेला.

एकटा पडल्यावर चष्मेवाल्याने दुकान खरोखरच बघून घेतलं. फ्रेमा कशा लावल्यात, आरसा कुठे आहे, दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडतो की डोळ्यांत जातो. सगळंच त्याच्यापेक्षा बरं होतं. तो एक फ्रेम उचलून बघत होता तेवढ्यात दार उघडलं.

"झाला का हो माझा लांबचा चष्मा?" असं विचारत त्याची बायको आत आली.

चष्मेवाल्याने फ्रेम पाठीमागे लपवली.

"तुम्ही इथे?"

"तू इथे? घरचं दुकान असताना?"

"घरच्या दुकानात मी दोनदा आले होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, घरी बघू. दुसऱ्यांदा माझ्या हातात फडकं देऊन शोकेस पुसायला लावलंत. इथे मला 'बसा' म्हणतात."

तेवढ्यात बाहेरून खालचा सूंकन गेला. "ही जोडी मी ठेवली!" तो ओरडला. "सायकलवाल्याला मी सांगतो! तुम्ही अॅल्युमिनियमच घ्या, तुम्हाला थांबायची गरज जास्त आहे!"

आवाज लांब गेला. चष्मेवाल्याने हातातली फ्रेम जागेवर ठेवली, काउंटरमागच्या कप्प्यातून बायकोचा चष्मा शोधून काढला आणि त्याच्या काचा स्वतः पुसल्या. मग गुबगुबीत खुर्ची तिच्या बाजूला वळवली.

"बसा," तो म्हणाला.

बायकोने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय की काय.