दोन ते आठ

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं पाणी मागतात. पांढरीपांडे काका फ्रिज दाखवा म्हणतात.

आमच्या कांचघरच्या कॉलनीत आता हे कुणाला खटकत नाही. काकांच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असतो. ताप मोजायचा नव्हे, फ्रिजचा. तो मधल्या कप्प्यात ठेवून ते दार लावतात आणि घड्याळाकडे बघत उभे राहतात. मग निकाल लागतो. आमच्या फ्रिजला म्हणाले, "अकरा. हे कपाट आहे बेटा, यात साड्या ठेव." उभी हयात कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली, त्यामुळे पास-नापास केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

या वेडाचं मूळ काकूंच्या इंजेक्शनात आहे. काकूंना संधिवात, तोही बोटं वाकडी करणारा. त्यांचं औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. नागपूरची एक फार्मसी असलीच नाजूक आणि महागडी औषधं सांभाळते. आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट मागवते, मग दर महिन्याला फोन करून तारीख ठरवते आणि थर्मोकोलच्या डब्यात, गार पिशव्यांच्या मधोमध ठेवून औषध घरी पाठवते. बनल्यापासून टोचेपर्यंत ते दोन ते आठ अंशांतच राहिलं पाहिजे. हे काकांनी इतकं मनावर घेतलंय की कुणी "कसे आहात?" विचारलं तरी "दोन ते आठ" म्हणतात. म्हणजे बरं चाललंय.

त्यांच्या फ्रिजचा मधला कप्पा औषधाचा. तिथे कोथिंबिरीलाही मज्जाव. दार दिवसातून तीनदा उघडणार. चौथ्यांदा दही आठवलं तर भात कोरडा खायचा.

फार्मसीच्या श्वेता मॅडमचा फोन यायचा असतो त्या दिवशी काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. ती काकूंना विचारते, ताप आला का, खोकला आहे का, एखादा डोस चुकला का. उत्तरं काका देतात. मग तिचीच तपासणी सुरू होते. गाडी कधी निघणार, डबा उन्हात तर नाही ना राहणार. पहिल्या वर्षी तर ते छत्री घेऊन शहराबाहेर, तिलवाऱ्याच्या पुलापाशी नागपूरच्या गाडीची वाट बघत उभे राहायचे. छत्री स्वतःसाठी नव्हती.

मी या सगळ्याला पोट धरून हसायचे. मग माझीच बोटं सुजायला लागली. मी शाळेत शिकवते. हातात खडू धरता येईना तेव्हा डॉक्टरांकडे गेले. गोळ्यांनी काही भागलं नाही, शेवटी डॉक्टरांनी काकूंचंच इंजेक्शन लिहून दिलं. कागदपत्रांत दीड महिना गेला. अखेर एप्रिलमधल्या एका दुपारी डबा आला. सकाळपासून लाइट येऊन-जाऊन होती. आमच्या नापास फ्रिजचा काय भरवसा, म्हणून मी औषध सरळ फ्रीझरमध्ये ठेवायला निघाले.

तेवढ्यात काका आले. डबा आल्याचं त्यांना कसं कळतं, देव जाणे. त्यांनी माझं मनगट धरलं. "तिथे नाही," एवढंच म्हणाले. औषध पुन्हा डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि खुर्चीत बसले. मग त्यांनी पाणी मागितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तिचं पहिलं इंजेक्शन मीच ठेवलं होतं फ्रीझरमध्ये," ते म्हणाले. "मे महिना होता. मुझे लगा, जितना ठंडा उतना अच्छा. सकाळी पाहतो तर गोठून गेलेलं. श्वेता मॅडम म्हणाली, वितळवून चालत नाही, आता फेका. दुसरं यायला महिना लागला. त्या महिन्यात तिच्या हाती कंगवा टिकत नव्हता बेटा. रात्रंदिवस कण्हून राहिली होती. पण मला एक शब्द नाही बोलली. बोलली असती तर बरं झालं असतं."

आपण इतके दिवस कशाला हसत होतो, या विचाराने मला फार लाज वाटली.

काका डबा घेऊन आपल्या घरी गेले. त्यांच्या फ्रिजला स्वतंत्र इन्व्हर्टर आहे. मधल्या कप्प्यात काकूंचं औषध थोडं सरकलं आणि शेजारी माझ्या नावाची चिठ्ठी लागली.

संध्याकाळी मी तिकडे गेले. काकू पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या आणि काका मागे बसून त्यांची वेणी घालत होते, एकेक पेड ताणून, अगदी मन लावून. मला बघताच ते वेणी अर्धी सोडून फ्रिज बघायला आत गेले.

काकूंची बोटं ताटात भराभर चालली होती. खडे काय, तूस काय, काही सुटत नव्हतं. मी त्या बोटांकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हात तर केव्हाचे बरे झाले माझे," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्या महिन्यापासून वेणी हेच घालतात. आता मला येते म्हणून काहून सांगू?"

आतून काका आले. "चार," म्हणाले, आणि मागे बसून सुटत आलेली वेणी त्यांनी पुन्हा हातात घेतली.