तीन बोटं उतार

बबनअण्णा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी पाणी मागतात. दोन घोट पितात, उरलेलं फरशीवर ओततात आणि ते कुठं जातंय हे उकिडवे बसून पाहतात. भोरला एका लग्नात त्यांनी कार्यालयाच्या नव्याकोऱ्या फरशीवर तांब्या उपडा केला. पाणी थेट वरमाईच्या शालूकडं निघालं. अण्णा शांतपणे म्हणाले, "पानी खोटं बोलत न्हाई." त्या दिवशी आम्ही दोघं अगदी शेवटच्या पंगतीला जेवलो.

अण्णा माझे शेजारी. आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडं, सगळं भाताचं. खाचर सपाट करावं ते अण्णांनीच. त्यांचा हात लागलेल्या खाचरात पाणी चारी कोपऱ्यांत सारखं उभं राहतं. या माणसानं जन्मभर पाणी अडवलं, आणि गेल्या उन्हाळ्यात परसात बॅडमिंटनचं कोर्ट बांधायला घेतलं.

विचारलं तर सांगायचे, खळं आहे, भात वाळवायला. चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि मधोमध दोन्ही कडांना खांब असलेलं खळं मी तरी कधी पाहिलेलं नाही. खरी गोष्ट हिराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आमच्या ओट्यावर बसून सांगितली. त्यांची सून रूपाली सरकारी दवाखान्यात नर्स आहे. कॉलेजात असताना ती बॅडमिंटन खेळायची. लग्नाला आठ वर्षं झाली, तेवढीच वर्षं रॅकेट खुंटीला. दर रविवारी ती रॅकेट काढायची, पुसायची आणि परत अडकवायची. यंदा कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा दिवाळीनंतर होत्या, नावं गणपतीच्या आत द्यायची होती. रूपालीनं सासूला सांगून टाकलं, सराव करायला जागा नाही, नाव कुठल्या तोंडानं देऊ? अण्णा तेव्हा भिंतीपलीकडं म्हशीला पेंड घालत होते.

म्हशीचं जरा सांगायला हवं. सुनेशी थेट बोलायची अण्णांची रीत नाही. काही सांगायचं असलं की ते म्हशीला सांगतात, मोठ्यानं. "आज पाऊस येनार, छत्री घिऊन जावं," असं ते म्हशीला बजावतात आणि आत रूपाली छत्री उचलते.

कोर्टाच्या वेळी गवंडी म्हणाला, आपल्याकडं पाऊस फार, एका अंगाला उतार ठेवू. अण्णांना ते लागलं. ज्याला सपाटी जमत नाही तोच उतार ठेवतो, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी स्वतः फळी ओढून सिमेंटचा कोबा सपाट केला आणि हाताच्या सवयीनं चारी बाजूंनी छोटासा बांधही घालून टाकला.

आषाढात एका सकाळी मला हाक आली, "गुरुजी, या बगायला." कोर्टात चार बोटं पाणी उभं होतं. अण्णांनी प्रत्येक कोपऱ्यात बोट बुडवून दाखवलं. सगळीकडं तंतोतंत सारखं. मी चक्क टाळ्या वाजवल्या. मागून हिराकाकू म्हणाल्या, "झाक झालंय. आता लावनी करून घ्या."

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. पुढं ते पाणी काही हटेना, आणि जिथं हटलं तिथं शेवाळ धरलं. दिवसभर बेडूक ओरडायचे. रूपाली खिडकीतून एकदा बघायची आणि ड्युटीला जायची. गणपती जवळ येत चालले होते.

मग एका उघडिपीत अण्णांनी स्वतः पहार घेतली आणि बांध फोडला. गवंड्याला बोलावलं, वर ताडपत्री बांधली आणि जुन्या कोब्यावर नवा थर घालायला सांगितला. रुंदीच्या वीस फुटांत तीन बोटं उतार. वर खराटा फिरवून तो खरबरीत करून घेतला, म्हणजे पाय घसरू नये. गवंडी फळी ओढत होता तेव्हा अण्णा पाठ फिरवून उभे होते. स्वतःच्या हातची सपाटी मोडताना त्यांना बघवत नव्हतं. खरं सांगतो, मलाही बघवलं नाही.

नावं द्यायला चार दिवस उरले होते. सकाळभर पाऊस कोसळला आणि दुपारी ऊन पडलं. मी कुंपणाला चिकटून उभा. एवढा मास्तर माणूस, पण दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. अर्ध्या तासात कोर्ट पायाला कोरडं लागलं. तरी अण्णांनी जाळीपाशी तांब्या ओतलाच. पाणी क्षणभर थबकलं आणि खुशाल कडेच्या चरीकडं चालू लागलं. मी ओरडायचाच राहिलो.

अण्णा गोठ्याकडं तोंड करून म्हशीला म्हणाले, "कोर्ट वाळलंय म्हनावं." खळं नाही, कोर्ट.

रूपाली रॅकेट घेऊन आली. पण समोर खेळणार कोण? नवरा पुण्याला कामावर. अण्णांनी धोतर वर खोचलं, गवताच्या भाऱ्यामागून एक कोरी रॅकेट काढली आणि जाळीपलीकडं जाऊन उभे राहिले. रूपालीनं शटलचं फूल अलगद टाकलं, त्यांना घेता यावं असं. तरी चुकलं. दुसरं तिनं त्याहून अलगद टाकलं.

या वेळी अण्णांनी म्हशीकडं पाहिलं नाही. सुनेकडं पाहिलं.

"पोरी, हळू टाकू नगंस. म्या पडल्यालं उचलाया उभा हाय. तू जोरात मार."

आठ वर्षांत ते पहिल्यांदा तिच्याशी बोलले होते. रूपालीनं ओढणी कमरेला घट्ट बांधली.

"बरं, मामा," ती म्हणाली.

पुढचं फूल अण्णांच्या कानाजवळून सणसणत गेलं, आणि ते उचलायला अण्णा पळत निघाले.