विनारांग

धाकट्या भावाने टीव्हीखालचं गेमचं मशिन काढलं, वायरी गोळा केल्या आणि सगळं जुन्या चादरीत गुंडाळून खोक्यात बसवलं, तेव्हा मास्तर दाराला टेकून उभे होते. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. भावजय आधीच जाऊन बसली होती. कपाट गेलं, पलंग गेला, मास्तर काही बोलले नव्हते. मशिनच्या वेळी मात्र त्यांना राहवलं नाही.

"हे पण नेणार?"

"दादा, तुला आता मशिन लागणारच नाही. तुझ्या टीव्हीवर मी क्लाउडवालं घालून दिलंय. आपला ट्रकचा गेम त्यात आहे."

"आहे म्हणजे कुठे आहे?"

"क्लाउडवर."

"ते कुठे आलं?"

भावाने खोक्याला चिकटपट्टी लावता लावता विचार केला. "दुसरीकडे. तिथल्या मोठ्या मशिनवर गेम चालतो, आपल्याकडे नुसतं चित्र येतं. तू इथे बटण दाबलंस की ते तिकडे पोचतं."

"म्हणजे ब्रेक मी इथे दाबायचा आणि ट्रक तिकडे थांबणार?"

"हो."

"आणि मधल्या वेळात कोणी आडवं आलं तर?"

"दादा, गेम आहे तो!" असं म्हणून भाऊ खोकं घेऊन जिना उतरला.

त्याला हसायला काय जात होतं? मास्तरांचा सगळा जन्म ब्रेकवर गेला होता. ते गाडी शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, समोर बघायचं आणि पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकवर बूट अलगद टेकवून ठेवायचा, हा त्यांचा धंदा. त्या ब्रेकने कित्येक भिंती, हातगाड्या आणि एकदा तर खुद्द परीक्षा घेणारा साहेब वाचवला होता. लग्न त्यांनी केलं नव्हतं, म्हणजे राहून गेलं होतं. भावाचं झालं, तरी दोघे भाऊ संध्याकाळी टीव्हीसमोर बसून ट्रक हाकायचे. एक चालवायचा, दुसरा शेजारी बसून चुका काढायचा. चुका काढणारे अर्थात मास्तर. आता भावाची बदली झाली होती आणि ज्याच्या चुका काढाव्यात असं घरात कोणी उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर अक्षरं आली: 'आपल्या पुढे १८७ जण आहेत. कृपया थांबा.'

मास्तरांनी नकळत मागे वळून पाहिलं. मागे सोफा होता.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीसमोर, लुंगीवर बसून रांग लावायची ही कल्पना त्यांना इतकी अपमानाची वाटली की ते काही वेळ उभेच राहिले. शेवटी नंबर लागला. ट्रक निघाला. पुढे वळण होतं, वळणाला पूल होता. मास्तरांनी वेळेवर ब्रेक दाबला. ट्रकने त्यावर थोडा विचार केला आणि नदीत उतरल्यावर थांबला.

त्यांनी लगेच भावाला फोन लावला.

"नदीत गेला."

"कोण?"

"ट्रक! मी म्हटलं नव्हतं?"

"दादा, नेट हळू असेल. इथे भांडी लावतोय रे, उद्या बोलू?"

उद्या भावाचा फोन आला नाही. परवाही नाही. मास्तर रोज आपले रांगेत. पडद्याच्या कोपऱ्यात 'तक्रार नोंदवा' असं एक बटण होतं. मास्तरांनी ते दाबलं आणि रिमोटने एकेक अक्षर वेचत लिहिलं: 'ब्रेक उशिरा लागतो. असा ब्रेक असलेली गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. विचार व्हावा.' दुसऱ्या दिवशी रांगेबद्दल लिहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ब्रेकबद्दल, जरा कडक शब्दांत.

आणि मग एका संध्याकाळी, थांबून थांबून डोळे मिटायला आले असताना, त्यांना पडद्याच्या उजव्या अंगाला बारीक अक्षरं पळताना दिसली. रांगेतली माणसं आपसात बोलत होती.

"आज फार हळू सरकतेय," 'गळका नळ' नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं.

मास्तरांनी आयुष्यात रांगेत गप्प बसून पाहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "मी तक्रार केली आहे."

"कोणाकडे?"

"कंपनीकडे. रोज करतो."

"वा! कोण हो तुम्ही?"

खातं उघडताना भावाने मास्तरांचं नाव गमतीने 'दुसरा ब्रेक' असं घातलं होतं. त्याचा अर्थ सांगता सांगता धंद्याची गोष्ट निघाली आणि त्या दिवसापासून सगळे त्यांना मास्तरच म्हणू लागले. गळका नळ हा खरोखरच नळ दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांमध्ये वाकलेला असायचा. दुसरी होती 'बदलीवाली'. ती बँकेत होती, परक्या गावात एका खोलीत राहायची. तिला गेममध्ये काडीचा रस नव्हता.

"मग रांगेत कशाला येता?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"खोलीत आवाज नसतो हो."

मास्तरांनी रिमोटवरून अंगठा फिरवला. मग लिहिलं, "रिमोटवर टाइप करताना टिकटिक होते. ती बरी वाटते."

हळूहळू मास्तरांचा दिवस बदलला. संध्याकाळच्या शेवटच्या शिकाऊ बाईंना ते हल्ली गाडी उलटी घ्यायला शिकवतच नसत; सरळ घरी सोडत. नंबर लागला की मन घट्ट करून गेममध्ये जायचे, ट्रक पहिल्याच पुलावरून नदीत घालायचे आणि पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभे राहायचे. "काय मास्तर, बुडालात?" गळका नळ विचारायचा. "ब्रेकच नाही तर काय करणार!" मास्तर लिहायचे, आणि सवयीने कंपनीला एक तक्रार धाडायचे.

इथेच घोटाळा झाला. कंपनीने तक्रारी वाचल्या.

एका संध्याकाळी टीव्ही लावला तर पडद्यावर फुगे उडाले. 'आदरणीय ग्राहक, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आजपासून आपल्याला कायमचा विनारांग प्रवेश आणि आमचं सर्वांत वेगवान मशिन!'

"जिंकलो!" मास्तर मोठ्याने म्हणाले. खोलीत कोणी नव्हतं, म्हणून ही बातमी सांगायला त्यांनी उजव्या अंगाला पाहिलं. तिथे अक्षरं नव्हती. रस्ता होता. गेम सुरूसुद्धा झाला होता.

ट्रक लोण्यासारखा चालला. वळण आलं, मास्तरांनी ब्रेक दाबला, ट्रक जागच्या जागी थांबला. पूल झाला, घाट झाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मास्तर प्रत्येक वळणाला डावा-उजवा दिवा दाखवत होते, पण बघणारं कोणी नव्हतं. टीपॉयखाली त्यांचा पाय सवयीने जमिनीवर दाबला जात होता. एकही चूक होत नव्हती. बऱ्याच वेळाने त्यांनी मुद्दाम ट्रक नदीत घातला. "काय मास्तर, बुडालात?" असं कोणी विचारलं नाही. ट्रक आपोआप वर आला, कोरडा ठणठणीत.

असा आठवडा गेल्यावर त्यांनी कंपनीला फोन केला. एका मुलीने घेतला.

"मला परत रांगेत घाला," मास्तर म्हणाले.

"सॉरी सर, तुम्हाला रांग लागतेय का?"

"नाही लागत. तीच तक्रार आहे."

"म्हणजे गेम लगेच सुरू होतोय?"

"लगेच! श्वास घ्यायला फुरसत देत नाही तुम्ही."

"आणि ब्रेक, सर? तुमच्या नावावर ब्रेकच्या खूप तक्रारी दिसतायत."

"ब्रेक उत्तम आहे," मास्तर पडल्या आवाजात म्हणाले.

मुलगी गोंधळली. तिने आपल्या साहेबाला विचारलं. साहेबाला एवढंच कळलं की जुना तक्रारखोर अजून नाराज आहे. "सर, तुमच्या नाराजीबद्दल आम्ही तुम्हाला आणखी सहा गेम देत आहोत. आणि घरातल्या चौघांना विनारांग प्रवेश."

"घरात चौघं कुठून आणू?" मास्तरांनी विचारलं.

मग मुलगी हळूच म्हणाली, "सर, खातं बंद करून नवीन साधं खातं उघडलंत तर रांग लागेल. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका. आणि जुनं नाव पुन्हा मिळत नाही हं."

मास्तरांनी त्याच दिवशी खातं बंद केलं. सहा गेम गेले, घाट गेला, वेगवान मशिन गेलं. नवीन खात्यात त्यांनी 'दुसरा ब्रेक' लिहून पाहिलं. 'हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं आहे.'

"अहो, मीच घेतलंय!" ते टीव्हीवर ओरडले. टीव्हीने त्यांचं नाव 'खेळाडू ७७३१' ठेवून दिलं.

रांग आली. उजव्या अंगाला अक्षरं पळू लागली. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नवीन का?" गळका नळने विचारलं.

"हो," मास्तरांनी लिहिलं. असं का लिहिलं, ते त्यांनाही कळलं नाही.

"निवांत बसा. वेळ लागतो इथे."

"आपले मास्तर असते तर आतापर्यंत दोन तक्रारी गेल्या असत्या," बदलीवालीने लिहिलं.

"कोण मास्तर?" मास्तरांनी विचारलं.

"होते एक. भारी कटकटे. तक्रारींना कंटाळून कंपनीने विनारांग केलं असणार, मोठे झाले आता. आमच्याकडे कशाला बघतील!"

"बघायची सोय नसेल," मास्तरांनी घाईघाईने लिहिलं.

"मग एक निरोप तरी ठेवायचा. सगळा आठवडा आम्ही त्यांचीच वाट बघतोय."

मास्तरांनी नाक ओढलं आणि लिहिलं, "अहो, मीच तो."

"असं कोणीही म्हणेल," गळका नळने लिहिलं. "मास्तर असाल तर एक तक्रार करून दाखवा."

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. तक्रार करण्यासारखं आज काही सापडेना. आणि रांग तर नेमकी आजच धावत सुटली होती. पुढे शंभर जण होते, बघता बघता चाळीस झाले, मग बारा. आणखी थोड्या वेळाने मशिन त्यांना उचलून थेट पुलावर टाकणार होतं. मिळेल ते अक्षर दाबत मास्तरांनी तिथेच, रांगेतल्या सगळ्यांसमोर लिहिलं: 'ही काय पद्धत झाली? रांग इतकी भराभर सरकते, माणसाला बोलूसुद्धा देत नाही. विचार व्हावा.'

मग बदलीवालीने लिहिलं, "मास्तर, जेवलात का?"